न्हाणीघरातील दांडा निघाल्याची हकीकत

॥ श्री ॥

श्रीगजवदनाचे चरणी मस्तक ठेवून, कुलस्वामिनीची आज्ञा मागून, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्यांची मनोमन क्षमा मागून लेखक लिहितो की, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसेच येथे मांडिले आहे. धन्याची लाज राखावी म्हणोन काही गाळिले नाही आणि रंग भरावा म्हणोन काही वाढविले नाही. राज्याचे नाव सांगण्याची परवानगी नाही. राज्य थोरले नव्हे. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅलरी आणि न्हाणीघर, इतकाच मुलूख. त्या मुलखाचे धनी श्रीरंगराव. वय चाळिशीपार, एका विमा कंपनीच्या कचेरीत चाकरी, स्वभावे भले, बोलण्यास गोड, परंतु हाती हत्यार आले की उतावीळ. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईसाहेब शाळेत गणित शिकवीत. नेमस्त, करारी, आणि राज्याचा खरा कारभार त्यांच्याच हाती असून तो उत्तम चालला होता. बाईसाहेबांचे तीर्थरूप भालचंद्रपंत, ज्यांस सर्व लोक नाना म्हणत, ते आपल्या गावी एकटे राहात. नाना उमेदीच्या काळात कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणोन उभे राहिले होते आणि त्यांनी एकदा भरल्या मैदानात सख्ख्या धाकट्या भावास बाद ठरविले. भावाने पुढे बहुत दिवस अबोला धरिला, आईने समजाविले, परंतु नानांनी निकाल फिरविला नाही. ‘बाद म्हणजे बाद,’ इतकेच म्हणाले. ऐसा तो पुरुष.

त्या वर्षी नानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन जाहले आणि मसलत अशी ठरली की, गुडघा सावरेपर्यंत त्यांनी लेकीच्या राज्यात राहावे, आणि पुढे त्यांची मर्जी असेल तर कायमचेच राहावे. नाना प्रथम नको म्हणाले, मग हो म्हणाले. श्रीरंगरावांस मनापासून आनंद जाहला, कारण त्यांचे स्वतःचे वडील फार लवकर गेले होते आणि सासऱ्यांविषयी त्यांच्या मनात जी माया होती ती बोलून दाखविण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. बाईसाहेबांनी दुकानातून एक भक्कम स्टीलचा दांडा आणविला. तो न्हाणीघराच्या भिंतीस लावावयाचा, म्हणजे नानांस स्टुलावर बसून स्नान जाहल्यावर तो धरून उठता यावे. हैदरभाई नावाचे मिस्त्री त्या इमारतीत सर्वांच्या ओळखीचे होते. त्यांस शनिवारी येण्याविषयी सांगितले गेले. आणि शुक्रवारी बाईसाहेब नानांस आणावयास गावी निघाल्या. दारात चपला घालता घालता म्हणाल्या, ‘हैदरभाई उद्या दुपारी येतील. दांडा कपाटावर आहे. कुठे लावायचा ते मी त्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त दार उघडा.’

श्रीरंगराव म्हणाले, ‘बरं.’

‘फक्त दार उघडा हं,’ असे बाईसाहेब हसून पुन्हा म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

हे बोलणे थट्टेचे होते, परंतु श्रीरंगरावांच्या मनास लागले. मागे त्यांनी कपाटाचे दार दुरुस्त केले ते त्यानंतर कधी मिटलेच नाही, आणि नळ बदलला तो सारा जिना ओला करून गेला, हे घरात अजून बोलले जात असे. त्यांच्यापाशी दिवाळीत घेतलेले ड्रिल मशीन होते, जे पेटीतून एकदाच बाहेर आले होते. त्यांनी चहा घेतला, ती पेटी उघडली, मशीन हातात तोलून पाहिले, आणि मनात म्हणाले की नाना आपल्या घरी येतात तर त्यांच्या आधाराची वस्तू परक्याच्या हाते का लागावी, ती आपल्याच हाते लागावी. हा विचार वाईट नव्हता. परंतु त्या विचाराच्या पाठीमागे दुसराही एक विचार होता, तो असा की बाईसाहेबांनी परत यावे आणि पाहून चकित व्हावे. मग त्यांनी फोन लाविला.

‘हैदरभाई, उद्या येऊ नका. काम झालं.’

‘झालं? कुणी केलं साहेब?’

‘झालं म्हणजे… होतंय. घरच्या घरी.’

‘ठीक आहे. पण भिंत जुनी आहे, जरा बघून करा,’ असे हैदरभाई म्हणाले, आणि श्रीरंगरावांनी ‘हो हो’ म्हणून फोन ठेविला.

शनिवारी सकाळी स्नान करून, देवास नमस्कार करून, स्वारी न्हाणीघरात शिरली. पेन्सिलीने खुणा केल्या, दांडा भिंतीस लावून पाहिला, आणि मग मशीन सुरू केले. गुळगुळीत टाइलवर ड्रिलचा बिट प्रथम ठरेना. इकडे घसरला, तिकडे घसरला, आणि टाइलवर ओरखडे उठले. श्रीरंगरावांनी दात आवळून जोर दिला, तेव्हा एकदाचे भोक पडले आणि त्यांस मोठा हुरूप आला. परंतु दुसऱ्या बाजूचे भोक पाडता ती टाइल खालपासून वरपर्यंत तडकली, आणि तिच्या मागे बिट असा आत गेला की जैसे भाजल्या रव्यात बोट जावे. आतले प्लास्टर जुने, भुसभुशीत होते. भुगा भुरभुर गळू लागला. स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी आत घातली ती सैल. तीत स्क्रू पिळला तो स्क्रूबरोबर गिट्टीही गोल फिरे. मग त्यांनी खाली दुसरे भोक पाडिले, तेथेही तेच. वर तिसरे पाडिले, तेथेही तेच. इतक्यात दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वाकनीसकाकू वर आल्या होत्या, आणि त्यांच्या केसांवर पांढरी धूळ होती.

‘अहो श्रीरंगराव, भूकंप का काय हा? माझ्या देवघरात वरून रंग पडतोय.’

‘जरा दांडा लावतोय काकू. आमचे नाना येणार आहेत.’

‘मग मिस्त्री कुठाय?’

‘मीच.’

काकू मायेने म्हणाल्या, ‘बाबा, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचं काम आहे. नाही जमलं तर नाही म्हणावं. त्यात काही जात नाही.’

‘जमलंच आहे, आता संपलंच,’ असे श्रीरंगराव म्हणाले आणि काकू उतरून गेल्या. त्याच घटकेस हैदरभाईंस पुन्हा फोन करता आला असता. फोन न्हाणीघराच्या कट्ट्यावरच होता. श्रीरंगरावांनी तो उचलिलाही. परंतु मग सांगावे लागले असते की काम जाहले नाही, उलट भिंत बिघडवून ठेविली आहे. आणि बाईसाहेब परत आल्यावर ती पडलेली भोके दिसली असती आणि घरात आणखी एक गोष्ट बोलावयास मिळाली असती. त्यांनी फोन ठेविला. स्वयंपाकघरातून काडेपेटी आणिली, त्या काड्या मोडून गिट्ट्यांच्या भोवती ठोकून बसविल्या, वर व्हाइट सिमेंट कालवून भरिले, स्क्रू पिळले, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांस ज्या गोल चकत्या होत्या त्या अशा बसविल्या की तडा बहुतेक झाकला जावा. जेवढा उरला तेवढा ओल्या फडक्याने सिमेंट घासून बुजविला. पाहता दांडा सरळ, चकचकीत आणि देखणा दिसू लागला.

रविवारी सकाळी सिमेंट वाळले. श्रीरंगराव न्हाणीघरात गेले, दार लोटून घेतले, दांडा दोन्ही हातांनी धरिला आणि ओढून पाहिला. हळूच ओढिला. जोराने ओढिला नाही, कारण जोराने ओढिल्यास काय होईल ते त्यांस ठाऊक होते. हे वाक्य लिहिताना लेखकाचा हात अडखळतो. परंतु या हकीकतीत पुढे जे काही घडले ते सर्व या एका ‘हळूच’पासून घडले, म्हणोन ते लिहिणे प्राप्त आहे.

संध्याकाळी टॅक्सी आली आणि नाना काठी टेकीत, एकेक पायरी थांबत वर आले. उंच, वाळलेला देह, पांढऱ्या मिशा, आणि डोळ्यांत अजून मैदानावरची धार. श्रीरंगराव त्यांच्या पाया पडले. चहा जाहला, आणि बाईसाहेब हात धुवावयास न्हाणीघरात गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, ‘अरे वा! छान बसवलाय की. हैदरभाई वेळेवर आले म्हणायचे.’

‘हैदरभाई नाही आले,’ श्रीरंगराव म्हणाले. ‘मी लावला.’

बाईसाहेब बाहेर आल्या, हात पुसता पुसता थांबल्या, आणि नवऱ्याकडे अशा पाहू लागल्या की तैसे त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ‘खरंच? तुम्ही? पक्का आहे ना पण?’

‘एकदम.’

‘नाना, ऐकलंत का? ह्यांनी स्वतः लावलाय तुमच्यासाठी. मिस्त्रीला येऊ दिलं नाही.’ आणि त्यांच्या आवाजात कौतुक होते. नानांनी श्रीरंगरावांच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले, ‘कशाला हो एवढा त्रास घेतलात?’ श्रीरंगरावांच्या मनात आले की आता सांगावे, हसत हसत सांगावे, की दिसतो छान पण उद्या एकदा मिस्त्रीस दाखवू. वाक्य तोंडापर्यंत आले. परंतु ते कौतुक इतके दुर्मिळ होते की एक रात्र तरी ते राहू द्यावे असे त्यांस वाटले, आणि ते गिळून बसले.

सोमवारी बाईसाहेब शाळेस गेल्या. नानांसोबत कोणी असावे म्हणोन श्रीरंगरावांनी रजा घेतली होती. नाना स्नानास गेले, आतून कडी लाविली. श्रीरंगराव स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पोहे करीत होते. पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला, आणि मग आतून एक असा आवाज आला की श्रीरंगरावांच्या हातातली पळी खाली पडली. ते धावले, दार ठोकू लागले, ‘नाना! नाना!’ म्हणोन ओरडू लागले.  आतून काही तरी सरपटल्याचा आवाज, मग कडी निघाली. दार उघडले तो नाना भिंतीस टेकून जमिनीवर बसलेले, पंचा कसाबसा गुंडाळलेला, भुवईवरून रक्त गालावर उतरलेले, उजवे मनगट वेडेवाकडे. आणि शेजारी तो दांडा, त्याच्या टोकाशी गिट्ट्या, सिमेंटचे तुकडे आणि भिजलेल्या काड्या.

नानांनी त्या काड्या पाहिल्या होत्या. त्यांनी श्रीरंगरावांकडे पाहिले. आरोप केला असता तर बरे जाहले असते. परंतु नाना धाप टाकीत म्हणाले, ‘आधी तो दांडा उचला. वैजू यायच्या आत.’

‘नाना, मी…’

‘माझा पाय घसरला,’ नाना म्हणाले. ‘समजलं ना? पाय घसरला. चला, मला उठवा.’

मग रिक्षा, दवाखाना, फोटो, मनगटाचे हाड मोडल्याचे निदान, कोपरापर्यंत प्लास्टर आणि भुवईस टाके. बाईसाहेब शाळेतून परस्पर तेथे आल्या, आणि नानांनी त्यांस तेच सांगितले, की पाय घसरला. आणि घरी आल्यावर बाईसाहेब नानांस अंथरुणावर निजवीत होत्या तेवढ्यात श्रीरंगरावांनी दांडा माळ्यावर बॅगांच्या पाठीमागे लपविला आणि भोकांत घाईने उरलेल्या काड्या आणि सिमेंट कोंबिले. बाईसाहेबांनी विचारिले, ‘दांडा कुठे गेला?’ तेव्हा श्रीरंगराव म्हणाले, ‘मीच काढला आत्ता. प्लास्टरच्या हाताला तो आडवा येईल, कोपर लागेल नानांचं.’ आणि नानांनी उशीवरूनच मान हलवून ‘हो’ म्हटले. ज्या पुरुषाने सख्ख्या भावासाठी निकाल फिरविला नाही त्याने जावयासाठी तो फिरविला, आणि जावयाने तो फिरवू दिला.

येथून पुढे शरमेचे दिवस. बाईसाहेब हुशार, त्यांस ते पाय घसरणे पटेना. खाली रबरी चटई होती, काठी होती, मग पाय कैसा घसरतो? त्यांनी आपल्या बुद्धीने अर्थ काढिला की नानांस चक्कर आली असावी आणि ते लेकीस घोर नको म्हणोन लपवीत आहेत. एकदा हा अर्थ मनात बसल्यावर त्यांच्या काळजीस अंत राहिला नाही. नानांचे रक्त तपासिले, हृदयाचा आलेख काढविला, डोक्याचा फोटो काढविला. नानांनी त्या यंत्रात मुकाट्याने डोके घातले. काही निघाले नाही, तेणेकरून काळजी अधिकच वाढली. मग हुकूम निघाले. नानांनी एकट्याने जिना उतरावयाचा नाही. इमारतीच्या पाठीमागे मैदान होते, तेथे संध्याकाळी मुले कबड्डी खेळत, आणि हळूहळू चालत तेथवर जावे ऐसे नानांनी गावाहून येतानाच मनात योजिले होते. ते बंद जाहले. नाना गॅलरीत खुर्ची टाकून वरूनच पाहू लागले. वरून मधली रेघ नीट दिसत नसे. ‘कोण बाद झाला कळत नाही इथून,’ असे एकदा स्वतःशीच म्हणाले आणि मग आत येऊन बसले. उजवा हात प्लास्टरात, म्हणून डाव्या हाताने चमच्याने जेवत. वरण सदऱ्यावर सांडे, आणि ते खाली मान घालून पुसून घेत. श्रीरंगराव समोर बसलेले असत. 

स्नानाचा हुकूम असा होता की श्रीरंगरावांनी आत सोबत राहावे. नाना पाठमोरे स्टुलावर बसत, प्लास्टरच्या हातावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि श्रीरंगराव तांब्याने पाणी ओतीत. समोरच्या भिंतीवर ती बुजविलेली भोके आणि तो तडा, दोघांच्याही नजरेसमोर. एके दिवशी श्रीरंगरावांस राहावेना. ते हळू आवाजात म्हणाले, ‘नाना, मी आज वैजयंतीला सांगतो.’

नाना मागे न पाहता म्हणाले, ‘काय सांगणार?’

‘खरं काय ते.’

‘आता सांगून माझं हाड जुळणार आहे का? तुमच्या दोघांत मात्र बिनसेल. ओता पाणी, थंडी वाजते.’

श्रीरंगरावांनी पाणी ओतिले. आणि लेखकास हेही लिहिणे भाग आहे की, नाना नको म्हणाले तेव्हा श्रीरंगरावांस शरमेबरोबर थोडे हायसेही वाटले, आणि हायसे वाटले याची शरम आणखी निराळी.

परंतु नाना मानी पुरुष. कोणी उघड्या अंगास पाणी घालावे हे त्यांस सोसेना. बाईसाहेब शाळेत आणि श्रीरंगराव कचेरीत गेले की ते एकटेच न्हाणीघरात जात आणि आतून कडी लावून घेत. वाकनीसकाकू दुपारी विचारपूस करावयास आल्या असता त्यांस हे दिसले आणि त्यांनी भल्या बुद्धीने बाईसाहेबांस सांगितले. मग रविवार आला. सकाळची वेळ, दिवाणखान्यात ऊन पडलेले. बाईसाहेब कपाटातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या आणि तो नवऱ्याच्या हाती देऊन म्हणाल्या, ‘न्हाणीघराची आतली कडी काढून टाका.’

नाना आपल्या पलंगावर बसले होते. ते म्हणाले, ‘वैजू, एवढं तरी राहू दे.’

‘नाना, मला काय हौस आहे का? उद्या आत चक्कर येऊन पडलात तर दार फोडायचं का आम्ही?’

‘नाही पडणार.’

‘मागच्या वेळी काय सांगून पडलात?’ बाईसाहेबांचा आवाज चढला आणि कापला. ‘आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. तुमच्या वेळी मला तसं नकोय. काढा हो तुम्ही कडी.’

 नानांनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला आणि भिंतीकडे पाहू लागले. श्रीरंगराव दारापाशी गेले, स्क्रूड्रायव्हर लाविला. पहिला स्क्रू सहज फिरला आणि त्यांच्या तळहातावर आला. दुसऱ्या स्क्रूस त्यांनी टोक लाविले आणि ते फिरवीनात. तैसेच उभे राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, ‘काय झालं? अडकलाय का?’

‘वैजयंती, नानांना चक्कर आली नव्हती.’

‘म्हणजे?’

‘आणि पायही घसरला नव्हता.’

‘श्रीरंगराव,’ नाना पलंगावरून म्हणाले, ‘राहू द्या.’

‘नाही नाना. दांडा… तो दांडा मी काढला नव्हता. तो निघाला. नानांच्या हातात निघाला.’

बाईसाहेब तडक न्हाणीघरात गेल्या. त्यांनी नखाने ते सिमेंट खरवडिले तो त्याचा पोपडा गळून पडला. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर एक मोडकी काडी होती. ‘काड्या?’ त्यांनी विचारिले. ‘काडेपेटीतल्या?’

‘हो. गिट्ट्या सैल होत्या. भिंत आतून भुसभुशीत होती.’

‘ओढून नव्हता पाहिला?’

‘पाहिला.’

‘मग?’

श्रीरंगरावांची मान खाली गेली. ‘हळूच पाहिला.’

त्या शब्दाचा अर्थ कळावयास बाईसाहेबांस वेळ लागला नाही. ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं,’ त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ‘मी विचारलं होतं, पक्का आहे ना. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही एकदम म्हणालात.’

‘हो.’

‘आणि इतके दिवस मी ह्यांना खुर्चीत डांबून ठेवलं. डोक्याचे फोटो काढले. तुम्ही बघत होतात.’

‘हो,’ श्रीरंगराव म्हणाले.  हैदरभाईंस येऊ नका म्हणोन केलेला फोन, काकूंचा सल्ला, माळ्यावरचा दांडा, सर्व त्यांनी तेथेच उभ्या उभ्या सांगितले, आणि सांगताना एकदाही ‘पण’ म्हटले नाही. मग बाईसाहेब वडिलांकडे वळल्या. ‘आणि नाना तुम्ही? तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?’

नानांनी मिशीवरून हात फिरविला. मग म्हणाले, ‘तू किती कौतुकानं सांगितलंस मला, ह्यांनी स्वतः लावला म्हणून. मी त्यांचा चेहरा पाहिला होता तेव्हा. आणि वैजू, दुसऱ्याच्या घरी राहायला यायचं, आणि दुसऱ्याच दिवशी घरधन्याची तक्रार करायची, हे शोभतं का? पाहुण्यानं जपून राहावं.’

‘दुसऱ्याच्या घरी?’ बाईसाहेब म्हणाल्या. ‘पाहुणा?’ आणि हाडाचा फोटो पाहून, टाके पाहून, ज्यांच्या डोळ्यांस पाणी आले नव्हते त्या पलंगाशी खाली बसल्या आणि वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून रडू लागल्या. नाना डाव्या हाताने त्यांचे केस कुरवाळू लागले. श्रीरंगराव दारापाशीच उभे होते, मुठीत तो एक स्क्रू. आपण मनगट मोडिले इतकेच त्यांस आजवर वाटत होते. आता त्यांनी तो स्क्रू पुन्हा कडीत घातला, घट्ट पिळला, आणि दार लावून कडी ओढून पाहिली. या खेपेस जोर लावून.

मग हैदरभाईंस बोलाविणे गेले. ते आले, त्यांनी ती भुसभुशीत जागा तासून काढिली, नवे काँक्रीट भरिले, आणि काम करता करता सहज विचारिले, ‘आधी कुणी लावला होता हा?’ बाईसाहेब शेजारीच होत्या, वाकनीसकाकूही डोकावल्या होत्या. श्रीरंगराव म्हणाले, ‘मी लावला होता. तो निघाला आणि नाना पडले.’ हैदरभाईंनी वर पाहिले आणि पुन्हा काम करू लागले. काकू ‘अगं बाई’ म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडास लाविला. पुढे जिन्यात, रिक्षाथांब्यावर, कचेरीत, ज्याने ज्याने नानांच्या हाताविषयी विचारिले त्या प्रत्येकास श्रीरंगरावांनी हेच उत्तर दिले, आणि प्रत्येक वेळी त्यांचे कान तापले. बाईसाहेब त्यांच्याशी कामापुरते बोलत. स्वयंपाक होई, चहा होई, शाळा-कचेरी होई. परंतु जो हसरा शब्द त्या पूर्वी जाता-येता टाकीत तो बंद जाहला, आणि श्रीरंगरावांनी तो मागितला नाही. संध्याकाळी नाना मैदानावर जाऊ लागले. श्रीरंगराव कचेरीतून आले की खाली जाऊन त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसत. नाना त्या मुलांस ओरडून नियम सांगत, आणि यांच्याशी फारसे बोलत नसत, परंतु जा असेही म्हणत नसत.

यथाकाल प्लास्टर निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टॉवेल खांद्यावर टाकून एकटेच न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लाविली. बाईसाहेब आणि श्रीरंगराव स्वयंपाकघरातील टेबलापाशी समोरासमोर बसले होते. चहा निवत होता. दोघांचेही कान त्या दाराकडे होते. आत स्टूल सरकले. पाणी पडू लागले. मग ते थांबले आणि श्रीरंगराव खुर्चीवरून अर्धे उठले. आतून नानांचा आवाज आला, मैदानावर ऐकू जावा असा.

‘अरे श्रीरंगा! हे पाणी गार आहे! कोणी बघत नाही का या घरात गीझर लागलाय की नाही ते? कसला कारभार चालवता रे तुम्ही दोघं?’

 नानांनी या घरात पाऊल ठेविल्यापासून कशासही नाव ठेविले नव्हते. मीठ कमी असले तरी छान म्हणत, उशी टोचली तरी सुरेख म्हणत. बाईसाहेबांचे ओठ थरथरले, आणि त्या हसतात की रडतात ते श्रीरंगरावांस कळेना. मग त्या म्हणाल्या, ‘जा, ऐकलंत ना? ओरडतायत तुम्हाला.’ आणि श्रीरंगराव ‘आलो नाना, आलो’ म्हणत गीझरचे बटण दाबावयास धावले.

येणेप्रमाणे त्या राज्यातील वर्तमान आहे. दांडा भक्कम आहे. नव्या टाइलचा रंग जुन्यांशी जुळला नाही, तो तैसाच राहिला. बाईसाहेबांचे बोलणे हळूहळू पूर्ववत जाहले, बहुतेक पूर्ववत. नाना आता कायमचे तेथेच आहेत, आणि वरणात मीठ कमी पडले की सांगतात. थंडीच्या दिवसांत त्यांचे मनगट ठणकते. ते मात्र सांगत नाहीत, नुसते डाव्या हाताने चोळीत बसतात. श्रीरंगराव ते पाहतात, उठतात, वाटीत तेल गरम करून आणितात, आणि खाली बसून त्यांचे मनगट चोळू लागतात. वर पाहात नाहीत. इति.